डोकं टेकल्याचा पुरावा

विमानात बसल्यावर माणूस जिथे डोकं टेकतो तिथे एक पांढरा चौकोनी कपडा असतो. कंपनीच्या कागदपत्रांत त्याला लांबलचक नाव आहे. आमच्या लॉन्ड्रीत त्याला टोपडं म्हणतात. आमच्या शहरात उतरणाऱ्या प्रत्येक विमानाची टोपडी गेली बावीस वर्षं माझ्याकडे धुवायला येतात. धुण्याचं काम यंत्र करतं, इस्त्रीचं काम चार बायका करतात आणि मालक असण्याचं काम मी करतो. मी स्वतः विमानात कधी बसलेलो नाही. तशी गरजही पडली नाही, कारण देशातली मोठमोठी डोकी मागे काय सोडून जातात हे मला घरबसल्या कळत होतं.

खरं म्हणजे मला नाही, माझ्या थोरल्या बहिणीला कळत होतं. टोपडी धुण्याआधी निवडावी लागतात, आणि ते काम पहिल्या दिवसापासून ताईचं. रिकाम्या सीटवरचं टोपडं स्वच्छच परत येतं; त्यावर नुसती इस्त्री फिरवली की झालं. (ही गोष्ट विमान कंपनीला माहीत नव्हती. आता झाली.) ताई एकेक टोपडं उजेडाकडे धरायची, नाकाजवळ न्यायची, आणि स्वच्छ असेल तर डाव्या, मळकं असेल तर उजव्या टोपलीत टाकायची. टाकताना स्वतःशीच बोलायची.

"हा केस काळे करणारा. पन्नाशीचा. नोकरी टिकवायला चाललाय... ही बाई रडलेली दिसते... हा मेला तोंड उघडं टाकून घोरला. म्हणजे तिकीट ऑफिसचं. स्वतःच्या पैशाने जाणारा माणूस झोपतोय कशाला, खिडकीतून बघून वसूल करतो."

ताईलाही विमानात बसायचं होतं, आणि तेही स्वतःच्या पैशाने. तिची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी भाची, समुद्रापलीकडच्या शहरात दिलेली. विमानाने तीन तास, बोटीने चार दिवस. आणि ताईला बोट अशी लागते की धक्क्यावर उभी राहिली तरी तिचा चेहरा हिरवा पडतो. भाचीला सहावा महिना लागला होता. पहिलंच बाळंतपण. "आई, तू जवळ हवीस," एवढंच ती फोनवर म्हणाली होती, आणि ताईने तिकिटापुरते पैसे बाजूला काढून पिशवीसुद्धा भरून ठेवली होती. डॉक्टरने तारीख दिली की तिकीट काढायचं, असं ठरलं होतं.

याच सुमाराला सांख्यिकी खात्याचे उपसंचालक आमच्या दुकानात बनियनवर बसले.

त्यांचं असं झालं होतं की 'अर्थव्यवस्थेची भरारी' या विषयावर तासाभराने त्यांचं भाषण होतं आणि विमानतळावरच्या चहाने त्यांच्या शर्टावर भरारी घेतली होती. डाग निघेपर्यंत ते एका स्टुलावर बसून भाषणाचा कागद मोठ्याने वाचत होते. ताईचे हात चालू होते.

"भरारी कसली, साहेब?" ताई म्हणाली. "काळा रंग निम्म्यावर आलाय."

"कसला रंग?"

"केसांचा. आणि पंधरवडा झाला, बुटांच्या कारखान्याचं एक डोकं आलेलं नाही. त्या साहेबलोकांच्या टोपड्याला गोंदाचा वास असतो. माणसं बाहेर ऑर्डर आणायला जात नाहीत, म्हणजे ऑर्डर नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांची एक पाळी बंद होते की नाही बघा."

उपसंचालक हसले. शर्ट घालून गेले आणि भरारीवर दीड तास बोलले. पुढच्या महिन्यात बुटांच्या कारखान्याची एक पाळी बंद झाली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी उपसंचालक परत आले. या वेळी शर्ट स्वच्छ होता आणि सोबत दोन सहायक व एक फाइल होती. ते ताईसमोर त्याच स्टुलावर बसले आणि त्यांनी खात्याची अडचण सांगितली. देशाची परिस्थिती कळायला खात्याला आठ महिने लागत. चौदा प्रकारचे तक्ते एकतीस कार्यालयांतून गोळा व्हायचे, आणि मंदी आली हे मंदी गेल्यावर कळायचं. मग अहवाल निघायचा की मंदी आली आहे, आणि तो वाचून दुसरी मंदी यायची.

"तुम्ही जे नाकाने करता," ते ताईला म्हणाले, "ते आम्हाला यंत्रणेने करायचं आहे."

असा राष्ट्रीय मस्तकस्पर्श निर्देशांक जन्माला आला. दर शंभर सीटमागे किती टोपडी मळकी, हा निर्देशांक. दर शनिवारी आमच्या लॉन्ड्रीतून आकडा जायचा, सोमवारी तो वर्तमानपत्रात यायचा. फॉर्म एका पानाचा होता आणि त्यात दोनच रकाने होते: 'स्पर्श झाला' आणि 'स्पर्श झाला नाही'. काळा रंग, गोंद, घोरणं, रडणं यांना खात्याने जागा दिली नव्हती, कारण ते मोजमापात बसत नव्हतं.

"पण साहेब, एका लॉन्ड्रीवरून सगळ्या देशाचं कसं काय?" मी विचारलं.

"शितावरून भाताची परीक्षा," उपसंचालक म्हणाले.

"शीत पातेल्यातलं तरी असू द्या म्हणजे झालं," ताई म्हणाली. सहायकाने ते लिहून घेतलं आणि नंतर खोडलं.

पहिल्या सोमवारी आकडा आला एकसष्ट. कुणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या सोमवारी अठ्ठावन्न आला आणि एका वर्तमानपत्राने पहिल्या पानावर तिरका खाली जाणारा बाण छापला. तेवढ्याने काम झालं. लोकांना अर्थव्यवस्था कळत नाही, पण बाण कळतो. बाण बघून बँकेने कर्जं थांबवली. कर्जं थांबली म्हणून कंपन्यांनी खर्च कमी केले. खर्च कमी करायचे म्हणजे पहिल्यांदा काय बंद करतात? विमानाची तिकिटं. त्यामुळे पुढच्या सोमवारी आकडा आला त्रेपन्न, बाण आणखी तिरका झाला आणि उरलेल्या कंपन्यांनीही तिकिटं बंद केली. आरशात तोंड उतरलेलं दिसलं म्हणून एखाद्याने जेवण सोडावं आणि दुसऱ्या दिवशी परत आरशात बघावं, तसं चाललं होतं. पाववाल्याने पाव लहान केला. विचारलं तर म्हणाला, "निर्देशांक बघताय ना?"

बुटांच्या कारखान्याचा मुकादम आमच्या गल्लीत राहतो. तो एक दिवस दुकानात येऊन काउंटरवर हात आपटून म्हणाला, "तुझ्या बहिणीला म्हणावं टोपल्या जरा जपून भर. ती डावीकडे एक फडकं टाकते आणि माझी दोन माणसं घरी बसतात."

"ती टाकत नाही," मी म्हटलं, "तसं येतं म्हणून टाकते."

"आधी तसं येत होतं. आता ती टाकते म्हणून तसं येतंय," मुकादम म्हणाला. तो सातवी शिकलेला आहे. सांख्यिकी खात्यात एवढं स्पष्ट बोलणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही.

एक गोष्ट मात्र या पडझडीत बरी झाली. विमानं रिकामी जायला लागल्यावर कंपनीने भाडं उतरवलं. आकडा एकोणपन्नासवर आला त्या सोमवारी तर भाडं इतकं खाली आलं की ताईच्या पैशांत जाऊन-येऊन तिकीट निघून वर बाळासाठी दुपटी-झबली झाली असती. डॉक्टरने तारीखही दिली होती. ताई पदर खोचून निघाली.

"तिकीट काढून येते रे."

आणि इथे मी, माझ्या बावीस वर्षांच्या धंद्यात कधी केली नव्हती अशी हुशारी केली. मी म्हटलं, "वेडी आहेस का? आकडा कुणाच्या टोपलीत आहे? आपल्या. सगळ्या देशाला सोमवारी कळतं ते आपल्याला शुक्रवारीच कळतं. आज तर आणखी कमी आलीत. भाडं आणखी उतरणार. एक सोमवार थांब."

"गरज आपल्याला आहे, भाड्याला नाही," ताई म्हणाली.

"एकच सोमवार," मी म्हटलं.

ताई थांबली. धाकट्या भावाचं ऐकायची तिला वाईट सवय आहे.

त्या सोमवारच्या आधीच, मंगळवारी, उपसंचालक परिपत्रक घेऊन आले. वरून आदेश होता. परिपत्रकाचा सारांश असा की निर्देशांक घसरल्यामुळे अर्थव्यवस्था घसरत आहे हे आता सिद्ध झालेलं असल्याने, निर्देशांक वर नेल्यास अर्थव्यवस्था वर जाईल. त्यासाठी प्रवासी वाढवणं हा एक मार्ग होता, पण तो लांबचा आणि लोकांच्या खिशावर अवलंबून असल्याने बेभरवशाचा होता. म्हणून आहे त्या प्रवाशांकडून अधिक स्पर्श मिळवायचं ठरलं.

सुरुवात साधी होती. विमान सुटायच्या आधी हवाईसुंदरी पट्टा बांधायला सांगत असे. आता ती डोकं टेकायलाही सांगू लागली. पुढे वाकून बसणं, खिडकीला गाल लावणं आणि शेजाऱ्याच्या खांद्यावर झोपणं यांना मनाई झाली. नवरा-बायकोंना सूट होती, पण दाखला जवळ बाळगावा लागे. तेवढ्याने तीन अंक वाढले. मग 'अर्धरस्ता आसनबदल' आला. तीन तासांच्या प्रवासात दीड तास झाला की घंटा वाजायची आणि सगळ्यांनी उठून शेजारच्या रिकाम्या सीटवर बसायचं. एका डोक्याची दोन टोपडी झाली. एका आठवड्यात निर्देशांक एकोणपन्नासचा त्र्याऐंशी झाला.

वर्तमानपत्रात बाण वर गेला. पाववाल्याने पाव महाग केला. लहान केलेला मात्र तसाच ठेवला.

आणि भाडं? मागणी वाढली की भाडं वाढतं हे पहिलीतल्या पोरालाही कळतं, आणि मागणी वाढली हे तर खुद्द सरकार सांगत होतं. कंपनीने त्याच सोमवारी सकाळी नऊ वाजता भाडं वाढवलं. ताई साडेनऊला खिडकीवर पोचली होती. परत आली, पिशवीतून चष्मा काढला आणि टोपडी निवडायला बसली. ती मला बोलली असती तर बरं झालं असतं.

भाडं वाढल्यावर जे थोडे प्रवासी उरले होते तेही गळायला लागले. पण आता निर्देशांक खाली येणं परवडणारं नव्हतं, कारण त्या त्र्याऐंशीवर बँकेने कर्जं दिली होती आणि मंत्र्यांनी भाषणं. तेव्हा घंटा दीड तासाऐवजी तासाने वाजू लागली, मग अर्ध्या तासाने, मग पाव तासाने. एक निवृत्त शिक्षक तीन तासांत अकरा सीटवर बसले आणि उतरल्यावर म्हणाले की चालत आलो असतो तर एवढा दमलो नसतो. ज्यांनी बदलायला नकार दिला त्यांच्याबद्दल अग्रलेख आला. त्यात त्यांना 'देशाच्या प्रगतीला मान न देणारे आडमुठे' म्हटलं होतं.

यालाही शेवटी मर्यादा आली. विमानात सहाच प्रवासी उरले तर ते तरी किती उठतील आणि किती बसतील? तेव्हा उपसंचालकांनी या सगळ्या प्रक्रियेचा मुळापासून विचार केला आणि त्यांच्या लक्षात आलं की हिच्यात एक टप्पा अनावश्यक आहे. तो टप्पा म्हणजे विमान.

बुटांच्या कारखान्याची बंद पाळीची शेड रिकामीच होती. तिथे विमानाच्या साठ सीट आणून बसवल्या आणि दारावर पाटी लावली: 'मस्तकस्पर्श केंद्र क्र. १'. घरी बसलेल्या कामगारांना रोजावर बोलावलं. काम सोपं होतं. सीटवर बसायचं, डोकं टेकायचं, घंटा वाजली की टोपडं बदलायचं. मुकादमाला मुख्य स्पर्श पर्यवेक्षक नेमलं. विमानातून कमी केलेली एक हवाईसुंदरी तिथे नोकरीला आली. ती सवयीने पट्टे बांधायला लावायची आणि धोका आल्यास दार कुठे आहे ते हाताने दाखवायची. दार एकच होतं.

"आता काय म्हणणं आहे?" मी मुकादमाला विचारलं.

"म्हणणं कसलं," तो म्हणाला. "बूट करायचो तेव्हा पाठ दुखायची. आता मान दुखते. पण पोरांच्या तोंडात दोन घास पडतायत, म्हणजे साहेबांचा आकडा खराच की."

उपसंचालकांनीही तेच लिहून पाठवलं: निर्देशांक वाढल्यामुळे प्रत्यक्ष रोजगार निर्माण झाला असून, सबब निर्देशांक अचूक आहे.

केंद्रातली पहिली टोपली आली त्या दिवशी उपसंचालक मुद्दाम हजर होते. ताईने वरचं टोपडं उचललं, उजेडाकडे धरलं, नाकाशी नेलं आणि डावीकडे टाकलं. दुसरं उचललं, डावीकडे टाकलं. तिसरं, चौथं, पाचवं, सगळी डावीकडे.

"अहो ताई, मळलंय की ते!" उपसंचालक म्हणाले.

"मळलंय. पण हे डोकं कुठेही जाऊन आलेलं नाही."

"कशावरून?"

"बावीस वर्षं हेच हुंगतेय, साहेब. कुठेतरी जायला निघालेल्या माणसाला घाम वेगळा येतो. काही काम होणार असतं, काही बुडणार असतं. इथे नुसता गोंद आहे आणि कंटाळा आहे."

"कुठे गेलं की नाही हा प्रश्नच नाही ना," उपसंचालक शांतपणे म्हणाले. "तो रकाना फॉर्ममध्ये नाही. स्पर्श झाला आहे का, एवढंच सांगा."

"आडात नाही ते पोहऱ्यात आणून दाखवायला सांगताय मला," ताई म्हणाली. तिने चष्मा काढून मिटला, टोपडी ठेवायचं फडकं झटकलं आणि उठली. "हे माझ्याच्याने व्हायचं नाही. दुसरं कुणीतरी बसवा."

उपसंचालकांनी माझ्याकडे पाहिलं. पुढच्या वर्षीचं कंत्राट त्यांच्या शिफारशीवर होणार होतं. मी कंत्राटाचा विचार केला, इस्त्रीवाल्या चार बायकांच्या चुलींचा विचार केला आणि ताईच्या जागेवर बसून फॉर्मवर सही केली. खरं सांगायचं तर बायकांच्या चुलींचा विचार सही केल्यानंतर केला.

ताई त्या दिवसापासून इस्त्रीला उभी राहू लागली. ती माझ्याशी भांडली नाही. "तुझंही बरोबर आहे," असं म्हणाली, आणि ते मला फार लागलं.

मला ताईसारखं नाक नाही. त्यामुळे माझं काम झपाट्याने व्हायचं. मी टोपली उजवीकडे उपडी करायचो. निर्देशांक सत्त्याण्णव झाला, नव्व्याण्णव झाला आणि मग एकशे चार झाला. शंभर सीटमागे एकशे चार टोपडी मळकी कशी, असं मी उपसंचालकांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले की वाढीला आधीपासून मर्यादा घालून ठेवणं ही नकारात्मक वृत्ती आहे.

एकशे चारच्या जोरावर विमान कंपनीला कर्ज मिळालं आणि तिने अकरा नवी विमानं घेतली. विमानं आली म्हणून धावपट्टी लांब केली, धावपट्टी लांब केली म्हणून तिथली शाळा हलवली, आणि शाळेच्या पोरांनी रांगेत उभं राहून विमानांचं स्वागत केलं. हे सगळं उभं करायला लागलेला खर्च भाड्यात धरला. आता भाडं असं झालं होतं की ताईने जमवलेल्या पैशांत माणूस पायऱ्या चढून विमानाच्या दारापर्यंत गेला असता. ताई तरीही दर सोमवारी खिडकीवर जायची. भाचीला नववा लागला होता.

"आई, निघालीस का?" फोन यायचा.

"या सोमवारी बघते," ताई म्हणायची. मग रिसीव्हर ठेवून इस्त्री इतकी जोरात दाबायची की कपड्यावर पिवळा डाग पडायचा.

मला ते बघवेना. कामं वाढली होती, केंद्राची टोपडी धुण्याचे पैसेही वाढून मिळाले होते. जी टोपडी ताईने मोजायला नकार दिला त्यांचेच पैसे होते ते, पण पैशाला वास नसतो, आणि असला तरी तो ताईलाच आला असता. मी तिला न सांगता सगळे पैसे खिशात घातले आणि विमानतळावर गेलो.

खिडकीवरचा कारकून टाय लावून एकटाच बसला होता. मी भाचीच्या शहराचं तिकीट मागितलं.

"तिकीट आहे," तो म्हणाला. "विमान नाही."

त्याने काचेवर चिकटवलेली सूचना दाखवली. 'सातत्याने वाढत्या यशामुळे या शहरातून होणारी सर्व उड्डाणे पुढील सूचनेपर्यंत थांबवण्यात येत आहेत. प्रवाशांच्या सहकार्याबद्दल आभार.' कंपनीच्या जाणकारांनी हिशेब मांडला होता म्हणे. विमान उडवलं की इंधन लागतं, वैमानिक लागतो आणि सहा प्रवाशांशी गोड बोलावं लागतं. न उडवलं तर यातलं काहीच लागत नाही, आणि टोपडी तर केंद्रातून मळून येतातच. कर्ज टोपड्यांवर मिळतं, विमानांवर नाही.

काचेपलीकडे अकरा नवी विमानं एका ओळीत उभी होती. त्यांच्या चाकांना लाकडाचे ठोकळे लावले होते.

"पण मला खरंच जायचंय हो," मी म्हटलं. "म्हणजे बहिणीला. तिच्या लेकीचं बाळंतपण आहे."

"तुम्ही आणि दर सोमवारी येणाऱ्या त्या एक बाई, एवढेच," कारकून म्हणाला. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, उलट थोडं आश्चर्य होतं. "महिन्याभरात तिसरं कुणी आलं नाही विचारायला. सगळ्यांना वाटतंय, बाकीचे जातायत."

मी परतलो तेव्हा ताई इस्त्रीवर नव्हती. बायका म्हणाल्या, सकाळीच पिशवी घेऊन कुठेतरी गेली. इतक्यात फोन वाजला. ताईच्या जावयाचा होता. पहाटे मुलगी झाली, भाचीला फार त्रास झाला, पण आता दोघी बऱ्या आहेत. मी फोन ठेवला आणि धावत सुटलो, कारण विमानतळावर ताई दिसली नव्हती आणि शहरात विमानाच्या सीट आणखी एकाच ठिकाणी होत्या.

केंद्रात ती खिडकीशेजारच्या सीटवर बसली होती. खिडकी रंगवलेली होती. त्यात दोन ढग होते. मांडीवर पिशवी, पोटावर पट्टा. मुकादम दारातच भेटला. म्हणाला, "नाव लिहू का विचारलं तर म्हणाली, नको, मला रोजाचे पैसे नकोत, नुसतं बसायचंय. मग काय करणार? चांगली सीट दिली."

मी ताईच्या शेजारी बसलो. हवाईसुंदरीने मला पट्टा बांधायला लावला.

"ताई, मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

ती थोडा वेळ त्या रंगवलेल्या ढगांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पहिल्यांदा कुणी घेतलं रे हातात?"

"नर्सने."

ताईने मान हलवली आणि डोकं मागे टेकलं. इतक्या वर्षांत विमानाच्या सीटवर तिने पहिल्यांदाच डोकं टेकलं होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानांवरून खाली गेलं. मला तिची माफी मागायची होती, पण घंटा वाजली आणि मुकादम टोपडी बदलायला आला. तिचं टोपडं त्याने जरा हळू काढलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टोपलीत आलं. मला नाक नाही, पण ते मी ओळखलं. दोन्ही बाजूंना दोन ओले ओघळ सुकून कडक झाले होते. ताई धरायची तसं ते मी उजेडाकडे धरलं. आतापर्यंत जी हजारो टोपडी मी मोजली, त्यांत हे एकच असं होतं की ज्याच्या डोक्याला खरोखर कुठेतरी पोचायचं होतं. फॉर्म समोर होता. मी 'स्पर्श झाला' या रकान्यात खूण केली. सोमवारी निर्देशांक एकशे बारा आला, आतापर्यंतचा सर्वांत मोठा.

त्याच सोमवारी ताई बोटीने गेली. "लागली तर लागली," म्हणाली. धक्क्यावरच तिचा चेहरा हिरवा पडला होता, तरी ती मागे वळून न बघता फळीवरून चढली. त्या महिन्यात आमच्या शहरातून खऱ्या कामासाठी एवढ्या लांब गेलेली मला माहीत असलेली ती एकटीच. बोटीत टोपडी नसतात, त्यामुळे तिच्या प्रवासाची कुठेही नोंद नाही.

उपसंचालक आता संचालक झाले आहेत. परवा त्यांचं नवं परिपत्रक आलं, 'घरोघरी मस्तकस्पर्श'. केंद्रं कमी पडू लागल्याने न्हाव्याच्या खुर्च्या, दातांच्या डॉक्टरांच्या खुर्च्या आणि घरातल्या आरामखुर्च्या यांनाही टोपडी लावण्यात येत आहेत. तुमच्याकडेही लावून गेले असतील. घरच्यांनी कुणीतरी सही केली असेल आणि तुम्हाला सांगायचं राहून गेलं असेल. आज सोमवार आहे. सकाळी तुम्ही वर्तमानपत्र उघडलंत, वर जाणारा बाण पाहिलात, पाव महाग का आणि लेकाला नोकरी का नाही हे क्षणभर विसरलात आणि 'चला, देशाचं तरी बरं चाललंय' असं म्हणून मागे डोकं टेकलंत.

आता उठू नका. उठून काही उपयोग नाही, तुम्ही मोजले गेला आहात. दुपारी आमची बाई टोपली घेऊन येईल, तिला कपडा काढून द्या. तुम्ही कुठे जाऊन आलात, असं ती विचारणार नाही. तो रकाना फॉर्ममध्ये नाही.